इन्फ्लो म्हणजे आवक

परवा वर्ग सुटला. कन्हानकाठचे एक शेतकरी मागे थांबले. मोबाईलवर आलेला संदेश त्यांनी माझ्यापुढे धरला. म्हणाले, "गुरुजी, सारं वाचलं. पण हे 'इन्फ्लो' काय असते जी? इथंच गाडी अडली."

प्रश्न मोलाचा आहे. आपण सर्वांनीच तो समजून घेऊ.

'इन' म्हणजे आत. 'फ्लो' म्हणजे वाहणे. आत वाहून येणे म्हणजे इन्फ्लो. यासाठी आपला जुना शब्द आहे, आवक. कळमना बाजारात संत्र्यांची आवक वाढली की भाव उतरतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. कचेरीतही आवक-जावक असते. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक. धरणाचे तसेच. आत येते ते पाणी आवक. बाहेर सोडतात ते जावक. सरकारी भाषेत त्याला विसर्ग म्हणतात.

हे पाणी कसे मोजतात? सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी वाहिले, की एक क्युसेक झाला. सेकंदाला १००० लिटर वाहिले, तर एक क्युमेक. म्हणजे एक क्युमेक सुमारे ३५ क्युसेकांएवढा. म्हणून आकडा लहान दिसला तरी फसू नका. पुढचा शब्दही वाचा.

आता मुख्य गोष्ट. पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यातून येते. तिकडे मोठा पाऊस झाला, की तोतलाडोह धरणात आवक वाढते. धरण आधीच भरलेले असले तर? भरल्या माठात पाणी ओतले, तर ते सांडणारच! मग दारे उघडावी लागतात. ते पाणी नवेगाव खैरीच्या धरणातून पुढे कन्हान नदीत उतरते. आपल्या शिवारात ऊन पडलेले असते आणि नदी मात्र चढत असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असाच मोठा पूर आला. पुढे वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची ३३ दारे उघडावी लागली. काठची कितीतरी शेते व घरे पाण्याखाली गेली.

त्या शेतकऱ्यांनी संदेश पुन्हा वाचला. "म्हणजे आवक वाढली, आता पाणी सोडतील. नदीवरची मोटर आजच काढा लागते," असे म्हणून ते लगबगीने निघाले.

मंडळी, वाचायला शिकलो ते यासाठीच.

उत्तरे सांगा :
१. इन्फ्लो म्हणजे काय?
२. धरण भरलेले आहे आणि आवक वाढली. नदीकाठच्या माणसाने काय करावे?