संगणकात शिरलेला आगंतुक : भरकटणारा ब्राउझर कसा दुरुस्त करावा



चौसाळा परिसरातील पारधी व भिल्ल वस्त्यांवरील मुले शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरतात. आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचे खाते अशी सारी माहिती बहुधा एकाच सामाईक संगणकावर टाकली जाते. तोच संगणक भलतीच पाने दाखवू लागला, तर अर्जाची मुदत टळू शकते आणि मुलांची माहितीही परक्या हाती जाऊ शकते. म्हणून या अंकात हा धडा घेत आहोत.

रोग कोणता?

मुखपृष्ठ आपोआप बदलते. गूगलवर शोधले तरी निकाल अनोळखी ठिकाणी येतात. कोपऱ्यात सतत जाहिराती उसळतात. अशा वेळी लोक नेटवर्कला किंवा जुन्या मशीनला दोष देतात. खरे कारण बहुधा एखादा नकोसा प्रोग्राम असतो. फुकटचा व्हिडिओ प्लेअर किंवा फॉन्ट उतरवताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो आणि त्याच्या पाठीवर बसून हा आगंतुक आत येतो.

जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाचा असाच प्रकार उघड केला. जगातील सुमारे २५ कोटी बाधित संगणकांपैकी अडीच कोटी भारतात आहेत, असा तिचा अंदाज होता. हा आकडा फुगवलेला असावा, असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे पडले. पण धोका खरा आहे हे तिनेही मान्य केले. फायरबॉल फुकटच्या प्रोग्रामांसोबतच शिरत असे आणि मुखपृष्ठ व शोधयंत्र बदलत असे.

उपाय कोणत्या क्रमाने?

क्रम महत्त्वाचा आहे. मूळ प्रोग्राम आत ठेवून नुसते मुखपृष्ठ बदलले, तर पुन्हा तेच पान येते. विंडोज व क्रोम वापरणाऱ्यांनी असे करावे :

१. सेटिंग्जमधील 'ॲप्स'ची यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्राम 'अनइन्स्टॉल' करा.

२. क्रोमच्या तीन ठिपक्यांतून 'एक्स्टेन्शन्स' उघडा. ज्याचे काम सांगता येत नाही ते काढून टाका.

३. 'साइट सेटिंग्ज'मधील 'नोटिफिकेशन्स' पाहा. कोपऱ्यातल्या बऱ्याच जाहिराती आपण कधीतरी दाबलेल्या 'अलाऊ'मुळेच येतात. अनोळखी नावे हटवा.

४. 'रीसेट सेटिंग्ज' करा. बुकमार्क व साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेन्शन्स मात्र बंद होतात.

५. हातातले काम सेव्ह करून 'विंडोज सिक्युरिटी'मधून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. विंडोज सुरू होण्याआधीच ही तपासणी होते, म्हणून आगंतुकाला लपायला जागा उरत नाही. साधारण १५ मिनिटे लागतात.

भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही मोफत साधने उपलब्ध केली आहेत. हे केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाले. पुण्याच्या क्विक हील कंपनीने या केंद्रामार्फत मोफत साधन दिले आहे.

सफाई झाल्यावर पासवर्ड बदला. आधी बदलले तर नवा पासवर्डही चोरीला जाऊ शकतो.

खोट्या इशाऱ्यापासून सावध

'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असे पान कधी पडदाभर येते. फोन करू नका. दुरून संगणक चालवू देणारे ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडा आणि ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा.

संगणक देणगी देणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी काही जण जुना संगणक अभ्यासिकेला देतात. देण्यापूर्वी आपल्या फाइली काढून घ्या आणि 'रीसेट धिस पीसी'मधून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. त्यामुळे तुमची कागदपत्रे मागे राहत नाहीत आणि आगंतुकही मुलांपर्यंत पोहोचत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ११ चालत असेल तर तेच घालून द्या.

गटात चर्चेसाठी

- आपल्या मंडळीतील सामाईक संगणकावर नवे प्रोग्राम घालण्याची परवानगी कोणाला आहे?
- मुलांची कागदपत्रे काम संपल्यावर कोण पुसते?
- शेवटची तपासणी कधी झाली? पुढची तारीख आजच ठरवा आणि संगणकाशेजारच्या भिंतीवर लिहून लावा.