उसना ठेका आणि आपलें गाणें

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या असतांना एक पालक आम्हांस भेटावयास आले. आंत मुलें 'अलबेला' या जुन्या चित्रपटांतील एका चालीवर नाच बसवीत होतीं. तें ऐकून त्या गृहस्थांनीं सौम्य शब्दांत विचारलें, "सर, हें परक्यांचें सोंग शाळेंत कशास?" प्रश्न रास्त होता, उत्तर मात्र दारांत उभ्या उभ्या देण्याजोगें नव्हतें. तें येथें सावकाश देण्याचें आम्हीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनींहि तें लक्षपूर्वक वाचावें.

ती चाल बांधणारे रामचंद्र नरहर चितळकर हे सी. रामचंद्र या नांवानें प्रसिद्धीस आले. त्यांचा जन्म त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पुणतांबें गांवीं १२ जानेवारी १९१८ रोजीं झाला. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशीं ते गायन शिकले. पुढें चित्रपटांत त्यांनीं नट म्हणून नशीब अजमावून पाहिलें. परंतु तें साधलें नाहीं, तेव्हां सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्यें ते पेटी वाजवूं लागले. आरंभीं कांहीं तमिळ चित्रपटांस संगीत दिल्यावर, १९४२ सालीं भगवान यांच्या 'सुखी जीवन'चें काम त्यांस मिळालें. 'शहनाई' (१९४७) व 'पतंगा' (१९४९) या चित्रपटांनीं त्यांचें नांव घरोघर नेलें.

आतां त्यांच्या नाचगाण्यांतील तो परका ठेका कोठला, तें पाहूं. भूगोलाच्या तासाचा नकाशा उघडा. उत्तर व दक्षिण अमेरिका यांच्या मध्यें कॅरिबियन समुद्र आहे. तेथील क्यूबा, पोर्टो रिको, त्रिनिदाद इत्यादि बेटांवर उंसाच्या मळ्यांत राबविण्यासाठीं आफ्रिकेंतील माणसें गुलाम करून नेण्यांत आलीं. त्यांचें घर गेलें, स्वातंत्र्य गेलें. परंतु हातांतला ताल कोणास हिरावून घेतां आला नाहीं. त्या तालाशीं स्पॅनिश सुरावटींचा मेळ होऊन क्यूबांत रुंबासारखे नाच जन्मास आले. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरीं १९१० सालीं जन्मलेले एडमंडो रॉस यांनीं लंडनांत आपला वाद्यवृंद उभारून असल्या नाचांची तेथील लोकांस गोडी लाविली. ध्वनिमुद्रिकांच्या द्वारें हे सूर मुंबईसहि येऊन पोहोंचले.

या तालाचें मर्म समजण्यास फार विद्या नको. आपल्या केहरव्याच्या आठ मात्रा आपण चार आणि चार अशा मोजतों. त्याच आठ मात्रा तीन, तीन आणि दोन अशा मोजा. म्हणजे पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर टाळी द्या. चार वेळां हें केलें कीं पाय आपोआप हलूं लागतो. मात्रा त्याच, वजन कोठें द्यावयाचें, एवढाच काय तो भेद!

हा ठेका वठविण्याच्या कामीं रामचंद्रांस गोमंतकीय वादकांचा मोठा आधार होता. हळदोणें गांवचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) यांस लोक 'चिक चॉकलेट' म्हणत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत ते ट्रंपेट वाजवीत, आणि रामचंद्रांचे साहाय्यक म्हणूनहि काम करीत. १९५१ सालच्या 'अलबेला'मध्यें त्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. त्या चित्रपटाच्या संगीतांत ट्रंपेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांच्या जोडीस बोंगो ऐकूं येतात. बोंगो म्हणजे गुडघ्यांत धरून बोटांनीं वाजवावयाचीं क्यूबाचीं दोन लहान जोडवाद्यें.

गोव्यांतील चर्चच्या शाळांत लहान मुलांस स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत असत. उपासनेच्या गायनासाठीं दिलेली ती विद्या पुढें मुंबईंत अनेक कुटुंबांची भाकर झाली. तथापि चित्रपटाच्या आरंभीं संगीतदिग्दर्शकाचें नांव झळके. वादकांचीं नांवें बहुधा येत नसत. हा अन्याय आपण निदान स्मरणांत ठेवावा.

आणखी एक गोष्ट झांकून ठेवूं नये. १९५० सालच्या 'समाधी' चित्रपटांतील एका अति लोकप्रिय गाण्याची चाल, पोर्टो रिकोचें नांव घेणाऱ्या एका परदेशी गीताशीं उघड जुळते; रॉस यांचा वाद्यवृंदहि तें गीत वाजवी. शेजाऱ्याच्या वहींतून उत्तर उतरविलें तर आम्ही गुण देत नाहीं, हें विद्यार्थी जाणतातच. तोच न्याय येथें लागू आहे. उसनें घेणें हें पाप नव्हे; परंतु ज्याचें घेतलें त्याचें नांव सांगावें.

मात्र ज्याची सारी मिळकत उसनी, त्याच्यापाशीं अखेर कांहींच उरत नाहीं. रामचंद्रांचें तसें झालें नाहीं, कारण बालपणींची तालीम त्यांच्या गांठीं होती. 'अनारकली' (१९५३) मधील त्यांचीं गाणीं रागसंगीताच्या पायावर उभीं आहेत. चीनशीं झालेल्या युद्धांत धारातीर्थीं पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ कवि प्रदीप यांनीं लिहिलेलें गीत लता मंगेशकर यांनीं २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत, पंडित नेहरूंच्या उपस्थितींत गाइलें. त्या गीताची गंभीर चाल या नाचगाण्यांच्या कर्त्यानेंच बांधिली होती! ५ जानेवारी १९८२ रोजीं ते निवर्तले.

तेव्हां त्या पालकांस आमचें उत्तर असें : मुलांस नाचूं द्यावें, मात्र कोणाच्या तालावर आपण नाचतों, तें त्यांस ठाऊक असावें. मुलांनो, आपल्या मोहन्यांत वरातीपुढें बँड वाजूं लागला म्हणजे ट्रंपेट फुंकणाऱ्या मनुष्याकडे क्षणभर आदरानें पाहा. त्याच्या त्या फुंकरीमागें कित्येक वर्षांचा अभ्यास असतो. तुम्हींहि जगाकडून जें चांगलें दिसेल तें घ्यावें, देणाऱ्याचें नांव विसरूं नये, आणि आपली विद्या आधीं पक्की करावी.