सायकल-शर्यत : वारा, सोबती आणि घरगडी

सायकल हे आपल्याकडे गरजेचे वाहन. दूधवाला, पोस्टमन, पेपर टाकणारा पोरगा, खांद्याला करवत अडकवून कामाला निघालेला सुतार, यांची ती सोबतीण. तिची ‘शर्यत’ म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवातली ‘स्लो सायकल’च येते. सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला! तीही कसबाचीच गोष्ट आहे, परंतु या लेखात मला रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या हौशी शर्यतींविषयी आणि त्यांच्या तयारीसाठी चार-पाच जणांनी मिळून केलेल्या सफरींविषयी लिहावयाचे आहे. माझा विषय भूगोल. वारा, चढ आणि रस्ता या तिन्ही गोष्टी भूगोलाच्याच आहेत, तेव्हा विषयांतर केल्याचा दोष मला लागू नये.

दुधनी हे आमचे गाव अक्कलकोट तालुक्याच्या अगदी टोकाला, कर्नाटकाच्या शिवेवर आहे. सोलापूर–वाडी लोहमार्गावरचे स्टेशन, तुरीची बाजारपेठ, घरात कानडी आणि शाळेत मराठी. आम्ही पाच जण रविवारी पहाटे दुधनीहून मैंदर्गीमार्गे अक्कलकोटला जातो आणि उन्हे तापायच्या आत परत येतो. पैकी एकाकडेच गिअरची सायकल आहे, तीही जुनी घेतलेली. बाकीच्या चार साध्या, काळ्या, दांडीच्या. माझ्या सायकलीचे दात मी मोजले आहेत : पुढच्या चक्रीला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर. शर्यतीच्या सायकलीचे वजन आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ६.८ किलोपेक्षा कमी चालत नाही. आमच्या सायकली त्याच्या तिप्पट तरी भरतील, तेव्हा तो नियम मोडण्याची भीती आम्हांस नाही!

आता वाऱ्याविषयी. सायकलस्वाराचा खरा शत्रू चढ आहे असे पुष्कळांना वाटते. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या किताबाचा दबदबा एवढा, की ‘घाट म्हणजेच शर्यत’ असा समज झाला आहे. आमच्या सपाट माळावर मात्र घाट नाही, आणि तरीही दम निघतो, तो वाऱ्यामुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग ताशी २० वरून ३० किलोमीटर केला तर वेग दीडपट झाला, पण हवा कापण्याची मेहनत जवळजवळ ३.४ पट झाली. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आहे आणि आपणही १५ च्याच वेगाने चाललो आहोत असे समजा. अंगावर हवा ताशी ३० च्या वेगाने येते आणि वारा नसताना लागली असती त्याच्या चौपट मेहनत हवेलाच द्यावी लागते. वेग पाहावा तर बैलगाडीशी स्पर्धा करणारा!

यावर उपाय एकच, दुसऱ्याच्या पाठीशी राहणे. पुढचा स्वार हवा फाडीत जातो, त्याच्या मागे हवेची एक पोकळी होते आणि तिच्यात हात-दीड हात अंतर राखून चालणाऱ्याची मेहनत साधारण चौथ्या हिश्शाने, कधी तिसऱ्या हिश्शानेही कमी होते. आम्ही याला ‘आडोसा’ म्हणतो. २०१८ मध्ये हॉलंडमधील आइंडहोव्हनच्या संशोधकांनी १२१ स्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. जथ्याच्या पोटात दडलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या मानाने अवघा ५ ते १० टक्के हवेचा विरोध होतो, असे त्यात आढळले. शंभर माणसे जवळजवळ फुकट चाललेली असतात आणि पुढचे चार-पाच जण त्या सर्वांचा वारा खात असतात!

आमच्याकडे हे जरा निराळ्या रीतीने अनुभवास येते. दुधनीहून अक्कलकोट साधारण वायव्येला आहे. आषाढात वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणजे जाताना तो डाव्या अंगाने येतो. अशा वेळी सरळ मागे राहून आडोसा मिळत नाही, पुढच्याच्या मागे पण किंचित उजवीकडे राहावे लागते. तिसरा त्याच्याही उजवीकडे. युरोपातल्या शर्यतींत रस्ता बंद असतो, तेथे अशी तिरपी रांग सबंध रस्ताभर पसरते. आपल्याकडे रस्ता चालू, आपण डाव्या बाजूने जाणारे. रांग उजवीकडे पसरली की तिसरा स्वार थेट मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर जातो आणि समोरून एस. टी. किंवा मालट्रक येत असतो. म्हणून आम्ही दोनच्या वर तिरपे चालत नाही. उरलेले तिघे मागे वारा खातात. पुस्तकातले शास्त्र आपल्या रस्त्यावर आणताना असे कातरून घ्यावे लागते.

आडोशाचा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा नाही. दुसऱ्याच्या मेहनतीवर चालणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न शर्यतीच्या जन्मापासून आहे. पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत ७ नोव्हेंबर १८६९ रोजी झाली. ती पहिली मोठी रस्ता-शर्यत मानतात. जेम्स मूर नावाचा इंग्रज तरुण ती जिंकला. पुढे इंग्लंडमध्ये मात्र तेथल्या सायकल-संघटनेने रस्त्यावर जथ्याने धावण्यास बंदी घातली. घोडागाडीवाल्यांच्या तक्रारी होत्या, पोलिसांची भीती होती. मग १८९५ पासून एकेकट्याने, ठराविक अंतराने सुटून घड्याळाशी शर्यत खेळण्याची पद्धत आली. स्वारांनी काळे कपडे घालावेत, पहाटे निघावे, गाजावाजा करू नये. शर्यत की चोरी असे वाटावे! ही बंदी पर्सी स्टॅलर्डने ७ जून १९४२ रोजी मोडली. लॅंगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन या रस्त्यावर त्याने सुमारे चाळीस स्वार एकदम सोडले. पोलिसांनी अडथळा केला नाही, उलट सहकार्य केले, पण संघटनेने त्याला काढून टाकले.

फ्रान्समध्ये १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ सुरू झाली. तिचा संचालक आंरी देग्रांज यालाही स्वाराने एकट्याच्या बळावर जिंकावे असे वाटे. १९१३ मध्ये यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा डोंगरात मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या खेड्यात आला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. पण भाता एका पोराने ओढला. म्हणजे मदत घेतली, म्हणून वर दंड! हा किस्सा आमच्या मंडळींना सांगितला तेव्हा गिअरवाला म्हणाला, ‘‘अरे, त्या पोराला कुणी विचारलं का, तुझं नाव काय म्हणून?’’

याच देग्रांजने दुसऱ्यासाठी राबणाऱ्या स्वाराला १९११ मध्ये हिणवून एक नाव दिले. फ्रेंच शब्द ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी. शिवी म्हणून दिलेला तो शब्द आज त्या खेळातले एक रीतसर पद आहे. घरगडी पाण्याच्या बाटल्या आणतो, मुख्य स्वाराला आडोसा देतो, वेळ पडली तर आपले चाक काढून देतो. १९३४ मध्ये रने व्हिएत्तो या विशीतल्या पोराने पिरेनीज पर्वतात आपला पुढारी आंतोनँ माञ याला चाक दिले आणि स्वतः दगडी कठड्यावर रडत बसून राहिला. माञ ती शर्यत जिंकला. लोकांच्या आठवणीत राहिला तो व्हिएत्तो. परंतु आठवणीवर पोट भरत नाही. व्यवसायी स्वारांत म्हणूनच रिवाज आहे, की विजेत्याने बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटून टाकायची. शिवाय घरगड्याला पगार असतोच.

हौशी संघात पगार नाही. मग येथे घरगडी कोणी व्हायचे?

‘हौशी’ हा शब्दही तपासून घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हेन्लीच्या नौका-शर्यतींच्या नियमांत कारागीर आणि मजूर यांना हौशी मानीत नसत. अंगमेहनतीने पोट भरणाऱ्याला आधीच ताकद मिळालेली असते, असा काहीसा तर्क. माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत. तो नियम आज असता तर त्यांना हौसेची परवानगीच नसती! ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची दारे व्यवसायी स्वारांना १९९६ साली उघडली, तोवर हौशीपणाचे सोवळे पाळले जाई. आपल्याकडे १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतले हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. ती निव्वळ हौस होती. अलीकडचे उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचे. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रॅम’ ही शर्यत त्यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने, आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. तेथे आडोसा घ्यायला बंदी आहे. पण एकटा म्हणावा तर मागे गाडी, गाडीत जेवण देणारे, रस्ता सांगणारे, जागे ठेवणारे. ही माणसेही वारा खातातच, फक्त गाडीत बसून.

आमच्यापुढे हा प्रश्न यंदा प्रत्यक्ष उभा राहिला. प्रजासत्ताक दिनी शेजारच्या तालुक्यात ३० किलोमीटरची खुली शर्यत होती. आम्ही ठरवून गेलो : चौघांनी पाळीपाळीने पुढे राहून ओढायचे, शेवटच्या दोन किलोमीटरला गिअरवाल्याला सोडायचे. पाळी विजेच्या खांबांवर. चाळीस खांब झाले की पुढच्याने उजवीकडे सरकून मागे जायचे. परतीला पूर्वेचा वारा समोर होता, तेथे आम्ही वीस-वीस खांबांवर आलो. गिअरवाला पहिला आला. बक्षीस १,००१ रुपये, एक ढाल आणि प्रमाणपत्र. मी अकरावा.

रात्री पैशांवरून बोलणे निघाले. गिअरवाला निम्मे ठेवून निम्मे चौघांत वाटू म्हणत होता, आणि त्यात त्याचे काही वाईट नव्हते. वडील ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘आमच्या टोळीत पोतं उचलणारा, थप्पी लावणारा, तोंड शिवणारा, सगळ्याला सारखा वाटा. कोण जास्त दमला ते बघत बसलं तर संध्याकाळपर्यंत ट्रक भरायचा नाही.’’ १९६९ च्या माथाडी कायद्यावर मी अकरावीला टिपण लिहिले होते, पण टोळीचा हिशेब मला त्या रात्री कळला. सहा वाटे झाले. पाच आमचे, सहावा पंक्चरच्या सामानाचा आणि नव्या पंपाचा.

पैसे वाटता आले. प्रमाणपत्र मात्र एकाच्या नावाचे आहे. तालुक्याच्या शर्यतीचे ते कागद भरतीत चालत नाहीत हे खरे, परंतु उद्या जिल्ह्यातून राज्याला गेलो तर तेथील क्रमांकावर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के जागांचा हक्क सांगता येतो, आणि तो हक्क खांब मोजून ओढणाऱ्याला मिळत नाही. पुढच्या शर्यतीला कोणाला सोडायचे, यावर आम्ही तीन रविवार बोलत आहोत. पाळी लावावी असे दोघांचे मत. पाय ज्याचे चांगले त्यालाच सोडावे, नाहीतर कोणीच पहिला येणार नाही, असे दोघांचे. मी अद्याप मत दिलेले नाही. येत्या रविवारी मैंदर्गीच्या फाट्यावर चहाला थांबू तेव्हा द्यावे लागेल.