परदेशी पैसा आणि बाभुळगावची पऱ्हाटी : काय करावे, काय टाळावे

परदेशी कंपनीला यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात एकरभर वावरही विकत घेता येत नाही. परकीय चलनाचा कायदा आडवा येतो, आणि विदर्भाचा १९५८चा कुळवहिवाट कायदा बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. तरीही इथल्या कापसात परदेशी भांडवल जुनेच आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ रेल्वे ब्रिटिश भांडवलावर चालली ती इथला कापूस बाहेर नेण्यासाठीच. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि मोन्सँटोचे तंत्रज्ञान वावरात आले. आता तोच पैसा कीटकनाशकाच्या बाटलीतून, कापसाच्या प्रमाणपत्रातून, कार्बन क्रेडिटच्या करारातून येतो.

यातला धोका मात्र खाली खाली सरकत जातो आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसापाशी थांबतो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूरही होते. कंपनीचे अधिकारी, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक आणि करारावर सही करणारे कास्तकार अशा तिघांसाठी ही यादी आहे.

काय करावे

१. वावर खरोखर कोण करतो, ते आधी लिहून काढावे. मालक यवतमाळला किंवा नागपूरला राहतो, वावर मक्त्याने दुसराच करतो, फवारणी रोजंदार करतो, वेचाई बाया करतात. मक्ता बहुधा तोंडी असतो, त्यामुळे कागदावर फक्त मालक उरतो. प्रत्येक वावरासाठी या चौघांची नोंद ठेवावी. पुढचे सगळे नियम या नोंदीवरच उभे आहेत.

२. जमिनीचा प्रकार तपासावा. खातेदार आदिवासी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे बिगरआदिवासीला भाडेपट्ट्याने देतानाही जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘रिकामी’ दिसणारी ई-क्लास जमीन गावाच्या गुरांची असते. वनहक्काचे दावे कुठे प्रलंबित आहेत, ते ग्रामसभेतच कळते.

३. फवारणाऱ्याचा विमा काढावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शासकीय अपघात योजना खातेदार आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीपुरती आहे. भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. ही फट गुंतवणूकदाराने स्वतःच्या पैशाने बुजवावी, आणि तीही पहिल्या फवारणीच्या आधी.

४. दवाखान्याशी हंगामाआधी बोलावे. आपण विकतो किंवा शिफारस करतो त्या प्रत्येक औषधाचा घटक, लक्षणे आणि उतारा यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात द्यावी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेवर ॲट्रोपीन चालते. डायफेन्थियुरॉनला ठरावीक उतारा नाही, लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. रुग्णासोबत बाटली किंवा तिचे लेबल न्यायचे, हे प्रत्येक मजुराला सांगून ठेवावे.

५. औषधाआधी बाकीचे उपाय वापरावेत. कामगंध सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, हंगाम वेळेवर संपवणे. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नाही, हे २०१७मध्ये साऱ्या विदर्भाने पाहिले. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळच आहेत. सल्ला त्यांच्याकडून घ्यावा.

६. करार मराठीत करावा आणि चारचौघांत वाचून दाखवावा. मुदत किती, भाव कसा ठरणार, चुकारा किती दिवसांत, पीक बुडाले तर तोटा कुणाचा, मध्येच बाहेर पडायचे तर कसे : या पाच प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर हवीत.

७. तक्रारीची जागा बाभुळगावातच ठेवावी. सप्टेंबर २०२०मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या विषबाधेची झळ बसलेल्या ५१ कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा या स्विस कंपनीविरुद्ध तक्रार झाली, ती थेट स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला. बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी ओईसीडीच्या नियमांनुसार चालणारे संपर्क केंद्र भारतात नाहीच. कंपनीने जबाबदारी नाकारली आणि तडजोड न होता २०२२मध्ये ती प्रक्रिया संपली. बाभुळगावच्या विधवेला बर्नपर्यंत जावे लागू नये. तालुक्याच्या ठिकाणी मराठी बोलणारा माणूस, तक्रारीची पोच आणि उत्तराची मुदत, एवढे तरी द्यावेच.

काय टाळावे

१. मायदेशात बंद असलेले औषध इथे विकू नये. सिंजेंटाच्या ‘पोलो’मधले डायफेन्थियुरॉन स्वित्झर्लंडमध्ये २००९पासून बंद आहे. भारतात परवाना आहे, हे उत्तर कायद्याला पुरते. विषबाधा झालेल्या मजुराच्या घरी ते पुरत नाही.

२. किट वाटले म्हणजे जबाबदारी संपली, असे मानू नये. ऑक्टोबरच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत प्लास्टिकचा अंगरखा आणि मास्क घालून कुणी तासभर टिकत नाही. जे औषध अशा कवचाशिवाय वापरताच येत नाही, ते या हवामानासाठी नाहीच. लाल त्रिकोणाच्या औषधांची शिफारस पूर्ण थांबवावी.

३. सल्ला देणाऱ्याला विक्रीवर कमिशन देऊ नये. कृषी केंद्रात एकाच पंपात दोन-तीन औषधे आणि वर टॉनिक मिसळण्याचा सल्ला सर्रास मिळतो. जितक्या बाटल्या तितकी कमाई असेल, तर प्रशिक्षणाचे फलक लावून काही बदलत नाही.

४. प्रमाणपत्रावर विसंबू नये. जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक ठरवणाऱ्या संस्थेनेच २०२०मध्ये भारतातल्या २०,००० टन कापसाच्या बनावट सेंद्रिय प्रमाणपत्रांचा घोटाळा उघड केला. तपासनीस जिनिंगच्या ऑफिसात बसून वही पाहतो आणि परततो, अशी तपासणी कुचकामी. त्याने सकाळी वावरात जावे, मालक नसताना मजुराशी बोलावे.

५. एका सालाच्या मक्त्यावर वीस सालांचा कार्बन करार करू नये. नांगरट कमी करणारा, पऱ्हाट्या न जाळता कुजवणारा हात मक्तेदाराचा, आणि कार्बनचे पैसे सातबारावाल्याच्या खात्यात, असे झाले तर पुढच्या गुढीपाडव्याला मक्ता बदलतो आणि कामही थांबते. वाटा कुणाला किती, हे करारातच लिहावे.

६. फरदडीला उत्तेजन देऊ नये. मार्चपर्यंत चार बोंडे जास्त मिळावीत म्हणून खरेदी लांबवली, की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. खरेदीची अखेरची तारीख आधीच जाहीर करावी.

७. वेचाईचा दर हिशेबाबाहेर ठेवू नये. बायांना किलोमागे पैसे मिळतात. कापूस विरळ झाला की दिवसाची मजुरी पडते, आणि शाळेतली पोर सोबत येते. शाश्वत कापसाच्या नावाने जास्त भाव मिळत असेल, तर त्यातला ठरावीक हिस्सा वेचणारीपर्यंत पोचला पाहिजे.

८. घाईने पसरू नये. आपल्याच बेंगळुरूच्या करुतुरी कंपनीने इथिओपियाच्या गांबेलात प्रचंड जमीन भाडेपट्ट्याने घेतली. २०११मध्ये बारो नदीच्या पुरात मका बुडाला आणि २०१५मध्ये तिथल्या सरकारने करारच रद्द केला. नदीकाठची जमीन आधी काही हंगाम पाहायची असते, मग पेरायची. बाभुळगावात दोन गावांत दोन हंगाम काम करून पाहावे, मगच तालुका हाती घ्यावा.

सही करण्याआधी

जमिनीच्या हक्कांबाबत २०१२मध्ये आणि शेतीतल्या जबाबदार गुंतवणुकीबाबत २०१४मध्ये जागतिक अन्नसुरक्षा समितीने तत्त्वे मान्य केली. चांगली आहेत, पण ऐच्छिक आहेत. बाभुळगावात ती करारातल्या कलमांतूनच उतरतील. म्हणून सहीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत : फवारणार कोण आणि त्याला काही झाले तर खर्च कोण देणार? पीक बुडाले तर मक्तेदाराच्या डोक्यावर किती कर्ज राहणार? तक्रार कुठे, कुणाकडे आणि किती दिवसांत उत्तर? एकाही उत्तराच्या जागी ‘बघू’ आले, तर सही पुढे ढकलावी. हंगाम दरवर्षी येतो.