उथळ पाण्यांतील रहिवासी

कोंकणांत समुद्राला लागून असलेल्या सखल भूमीचे दोन प्रकार आहेत. जेथें भरतीचें पाणी शिरतें तें खाजण; त्याचा विचार आम्ही येथें करीत नाहीं. दुसरा प्रकार भातशेतांच्या कडेला असणाऱ्या गोड्या पाण्याच्या पाणथळीचा. पावसाळ्यांत तेथें गुडघाभर पाणी सांचतें, व वैशाखांत तळ भेगाळतो. अशा अल्पायुषी पाण्यांत प्राणी राहतात तरी कसे?

पहिली अडचण श्वासाची. एक लिटर हवेंत सुमारें २१० घनसेंटिमीटर प्राणवायु असतो. तेवढ्याच कोमट पाण्यांत तो जेमतेम ५-६ घनसेंटिमीटर विरघळतो, आणि त्यांतलाहि बराचसा कुजणारा पाला खाऊन टाकतो. म्हणून येथील पुष्कळ जीव पाण्यांत राहून हवेवर जगतात. मरळ मासाच घ्या. त्याच्या कल्ल्यांच्या वर हवा सांठविण्याची पोकळी असते, व तो मधून मधून वर येऊन हवेचा घोट घेतो. त्याला पाण्याखालींच अडकवून ठेविलें तर, मासा असूनहि, तो गुदमरून मरतो! पाणविंचवाची लांब शेपटी ही नांगी नव्हे. ती पाण्याबाहेर काढून श्वास घेण्याची नळी आहे. डासांपैकीं क्यूलेक्सची अळी अशीच नळी वर करून उलटी लोंबकळते, तर हिंवतापाच्या अनाफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. हा भेद ओळखावयास भिंगाचीहि गरज नाहीं. या अळ्यांवर चतुराचीं पिलें ताव मारतात.

परंतु आम्हांला सर्वांत नवल वाटतें तें मोठ्या पाणगोगलगाईचें. तिला कल्लाहि आहे आणि फुप्फुसहि. पाणी आटूं लागलें कीं ती चिखलांत शिरते, कवचाचें दार घट्ट लावून घेते, आणि पाऊस येईपर्यंत महिनेच्या महिने निजून राहते. मरळहि ओल्या चिखलांत दडून तग धरूं शकतो.

तेव्हां उन्हाळ्यांतील पाणथळ रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. भराव घालणारे मात्र नेमका हाच हंगाम साधतात, कारण तेव्हां गाड्या रुतत नाहींत. निजलेले जीव जागच्या जागीं गाडले जातात, व गोगलगाई टिपण्यासाठीं येणारा मुग्धबलाक पुढच्या वर्षीं दुसरीकडे जातो. डास होतात म्हणून पाणथळ बुजवावी, असें म्हणणारे भेटतात. पण डासांना भरावावरचे चार बोटें खोल खळगेहि पुरतात, आणि त्यांना खाणारे मासे तेथें नसतात.

ज्या पालकांच्या शेताकडेला अशी जागा असेल, त्यांनीं मृगाच्या पहिल्या सरींनंतर मुलांस तेथें न्यावें. चिखल माखलेलें एखादें कवच हळूच दार उघडून सरकूं लागलेलें दिसेल.