सिमेंटच्या पत्र्यामागचे करिअर

मीरा रोड आणि भाईंदरमधल्या ज्या इमारती १९८०च्या दशकात आणि १९९०च्या सुरुवातीला उभ्या राहिल्या, त्यांनी आता तिशी ओलांडली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे अशा इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते, आणि पुष्कळदा तिथूनच पुनर्विकासाची चर्चा सुरू होते. ऑडिटमध्ये कॉलम, बीम, स्लॅब, गंजलेल्या सळया तपासल्या जातात. औद्योगिक गाळ्यांवरचे सिमेंटचे पत्रे, सांडपाण्याचे जुने पाइप, गरम नळ्यांभोवतीचे वेष्टन, लिफ्टच्या ब्रेकचे अस्तर यांत ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारणारी आणि त्याचे उत्तर शास्त्रशुद्ध पद्धतीने देणारी माणसे लागणार आहेत. तरीही बारावीनंतर मुलाला थेट ‘ॲस्बेस्टॉस सर्व्हेयर’ करायला निघणे चुकीचे ठरेल. हे कौशल्य एखाद्या भक्कम पदवी-पदविकेवर चढवायचे आहे. तो पाया नसेल तर त्याला भारतात आज फारशी किंमत नाही.

आधी धोका किती खरा, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, पांढराही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहेत. बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि आजार वर यायला दहा ते चाळीस वर्षे जातात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर निकाल देताना, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर, जपण्याचा आदेश दिला. मुंबईतल्याच एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची तपासणी २००५मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा साधारण पाचातल्या एकाला ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसांचा आजार आढळला होता. पांढरा ॲस्बेस्टॉस नीट वापरला तर निर्धोक असतो, हा उद्योगाचा युक्तिवाद कागदावर वाचायला बरा वाटतो. पण पत्रा कारखान्यातून बाहेर पडला की तो कोण कापतो, कोण त्याला भोके पाडतो, कोण हातोड्याने फोडतो, यावर कुणाचेच नियंत्रण उरत नाही. छपरावर शाबूत असलेला पत्रा फारसा त्रास देत नाही. तुकडे होऊ लागले की तंतू सुटतात. पुनर्विकासात तर तोडफोड हेच मुख्य काम.

तपासणीचे काम बाहेरून वाटते तितके नाट्यमय नसते. इमारतीचे नकाशे आणि बांधकामाचे वर्ष पाहायचे, मग डक्ट, गच्ची, लिफ्टची मशीन रूम, पंपरूम, फॉल्स सीलिंगची मागची बाजू अशा जागा क्रमाने धुंडाळायच्या. संशयित वस्तू दिसली की ती ओली करून लहानसा नमुना काढायचा, दुहेरी पिशवीत बंद करायचा, काढलेली जागा झाकायची आणि नमुना प्रयोगशाळेत धाडायचा. तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूचा प्रकार ठरतो. नुसत्या डोळ्यांनी हे ठरवता येत नाही. ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा शेजारी ठेवले तर अनुभवी कंत्राटदारही फसतो. शेवटी अहवाल: कोणती वस्तू, कुठे, कोणत्या स्थितीत, ती तशीच ठेवायची, सील करायची की काढायची. म्हणजे निम्मे काम लेखनाचे आणि नोंदी ठेवण्याचे आहे. इंग्रजीत सुटसुटीत अहवाल लिहिणारा आणि बिगाऱ्याशी मराठी-हिंदीत नीट बोलणारा मुलगा किंवा मुलगी इथे पुढे जाते.

पालकांचा रास्त आक्षेप असा की, कायद्यानेच सक्ती नसेल तर पगार कोण देणार? आक्षेप खरा आहे. ब्रिटनने १९९९मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली आणि पुढे निवासेतर इमारतींच्या जबाबदार माणसावर त्याचा शोध व व्यवस्थापन ही कायदेशीर जबाबदारी टाकली; त्यातून तिथे सर्व्हेयरचा वेगळा पेशा तयार झाला. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद झाल्या, पण पांढरा ॲस्बेस्टॉस रशिया, कझाकस्तानसारख्या देशांतून आजही येतो आणि पत्रे बनतात. पाडण्यापूर्वी स्वतंत्र पाहणी करण्याची ब्रिटनसारखी सक्ती इथे नाही. म्हणून मूळ नोकरी दुसरीच धरायची: सुरक्षा अधिकारी, पर्यावरण अभियंता किंवा स्ट्रक्चरल सल्लागाराच्या कचेरीतला अभियंता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यानुसार अडीचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. मोठ्या टॉवरच्या साइटवर हा आकडा गाठणे कठीण नाही. ही मागणी कायद्याने बांधलेली आहे, ॲस्बेस्टॉसची अजून नाही. ज्याच्याकडे दोन्ही कौशल्ये असतील, त्याला कायदा बदलण्याची वाट पाहत बसावे लागणार नाही.

रस्ता साधा आहे, पण झटपट नाही. सिव्हिल, मेकॅनिकल किंवा केमिकलचा डिप्लोमा किंवा पदवी, नाहीतर भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्रातली बी.एस्सी.; मग साइटवर काही वर्षांचा अनुभव; त्यानंतर औद्योगिक सुरक्षिततेची पदविका. ती शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत मिळते आणि महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थांतही. मीरा रोडहून दादरला उतरून मध्य रेल्वेने शीव गाठता येते, तेव्हा वसतिगृहाचा खर्चही टळतो. महाराष्ट्राच्या १९८२च्या सुरक्षा अधिकारी नियमांत बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान ही पात्रतेची अट होती. तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही. ॲस्बेस्टॉस ओळखणे, हवेतील तंतू मोजणे, घातक कचरा नियमाप्रमाणे तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवणे, हे सारे या पायावर शिकायचे. ब्रिटनमध्ये मान्य असलेले सर्व्हेयरचे प्रमाणपत्र काही दिवसांच्या अभ्यासक्रमातून मिळते हे खरे. पण तिथेही त्यामागे इमारतींचे ज्ञान गृहीत धरलेले असते, आणि त्याच्या बळावर व्हिसा मिळत नाही.

‘मुलाच्याच फुप्फुसात तंतू गेले तर?’ ही भीती सगळ्यांत आधी मनात येते आणि बहुधा सगळ्यांत शेवटी बोलली जाते. नमुना घेणाऱ्याचा धोका तोडकाम करणाऱ्यापेक्षा बराच कमी असतो, कारण तो वस्तू ओली ठेवतो, अगदी लहान तुकडा घेतो आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा, योग्य दर्जाचा श्वसनमास्क वापरतो. कापडी मास्क किंवा रुमाल येथे निरुपयोगी आहे. ज्याला सिगारेट सोडवत नाही त्याने मात्र या कामाकडे फिरकू नये. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि जो मालक मास्क द्यायला कटकट करतो, त्याची नोकरी नाकारायला मुलाला घरातून पाठबळ हवे.

शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या संस्थेत फी भरण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: प्रमाणपत्राला मान्यता नेमकी कोणाची आहे, आणि मागच्या तुकडीतले किती जण आज कोणत्या पदावर काम करत आहेत. लेखी उत्तर मिळाले नाही तर ते पैसे डिप्लोमाच्या फीसाठी ठेवावेत.