नकाशावरील रेघ आणि गावाची वेस

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही नद्यांचे, पर्वतांचे आणि राज्यांचे नकाशे पाहिले आहेत. त्यांतील रेषा निसर्गाने किंवा इतिहासाने आधीच आखून ठेवलेल्या असतात. नकाशा काढणारा त्या केवळ कागदावर उतरवितो. परंतु आणखी एका जातीचा नकाशा असा आहे की, त्यात जे अद्याप घडलेले नाही तेच दाखविलेले असते. जेथे आज धानाची बांधी आहे तेथे पिवळा रंग दिलेला असतो, आणि त्या रंगाचा अर्थ असा की, येथे पुढे घरे होतील. निळा रंग बाजारपेठेचा, जांभळा कारखान्यांचा, तांबडा शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक संस्थांचा आणि हिरवा बागांचा व मोकळ्या जागांचा. या रंगांतून काही ठिकाणी दोन समांतर रेघा ओढलेल्या दिसतात. तो नवा रस्ता होय. ती रेघ एखाद्याच्या विहिरीवरून गेली तर ती विहीर आज ना उद्या बुजावयाची, हे निश्चित समजावे. अशा नकाशास विकास योजना म्हणतात व तो तयार करणाऱ्या शास्त्रास नगररचना.

हे शास्त्र आपल्याकडे पाश्चात्यांनी आणले असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. आपल्या बालाघाट जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावाचा पटवाऱ्याकडील नकाशा उघडून पाहा. आबादी कोठे, गोठाण कोठे, चराईचे रान कोठवर, स्मशान कोणत्या अंगास, बोडीचे पाणी कोणत्या बांध्यांस, गाडीची पांदण कोणत्या धुऱ्याने, हे सारे त्यात ठरलेले आढळेल. जुन्या मध्यप्रांतात हे हक्क वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवण्याची रीत होती, आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यानंतरही १९५९ च्या मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेत निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोहोंस स्थान मिळाले. कोणत्या जमिनीचा कोणी कशासाठी उपयोग करावा याचा हा लेखी करारच होता. फरक इतकाच की, ही व्यवस्था स्थिर गावासाठी होती. चंदन नदीच्या काठचे आपले रामपायली पिढ्यान्पिढ्या ज्या अंगाने नांदत आले, त्या अंगाने नांदावयास ती पुरेशी होती. जे गाव वाढते, ज्याच्या वेशीबाहेर दरवर्षी नवी वस्ती उभी राहते, त्याच्यासाठी मात्र वेगळ्या योजनेची गरज भासते.

अशा वाढीचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती, आणि आजही दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आपल्याकडील माणसाची पावले तिकडेच वळतात. या शहराच्या वाढीस वळण लावण्यासाठी मध्यप्रांत सरकारने १९३६ साली नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा केला. दाट वस्तीची सुधारणा, पडीक भागाची पुनर्बांधणी, विस्थापितांची घरे, रस्ते आणि शहराचा पुढील विस्तार अशा निरनिराळ्या योजना आखण्याचा अधिकार त्याने प्रन्यासास दिला. १९५१ साली साडेचार लाखांच्या आसपास असलेली नागपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चोवीस लाखांवर गेली. एवढी माणसे राहावयास आली ती बहुतेक शहराच्या कडेच्या शेतांवरच.

येथे थोडे गणित करणे अवश्य आहे; कारण नगररचनेतील पुष्कळशी भांडणे या एका गणितातून उत्पन्न होतात. एका शेतकऱ्याचे शहराच्या कडेस दहा एकरांचे शेत आहे असे धरा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, तेव्हा दहा एकर म्हणजे ४,३५,६०० चौरस फूट. नियमाप्रमाणे भूखंड पाडावयाचे तर समजा चौथा हिस्सा रस्त्यांस आणि दहावा हिस्सा मोकळ्या जागेस सोडावा लागला. शेकडा पासष्ट भाग, म्हणजे २,८३,१४० चौरस फूट उरले. दीड हजार चौरस फुटांचा एक भूखंड धरल्यास त्यात १८८ भूखंड बसतात. आता तोच शेतकरी, किंवा अधिक करून त्याच्याकडून शेत घेणारा दलाल, मोकळी जागा मुळीच न सोडता व बाराफुटी बोळ ठेवून केवळ दहावा हिस्साच रस्त्यांस देतो असे समजा. मग ३,९२,०४० चौरस फूट विकावयास मिळतात व भूखंड होतात २६१. दोहोंतील अंतर त्र्याहत्तर भूखंडांचे! हे त्र्याहत्तर भूखंड कोणी दान दिलेले नाहीत. ते त्या वस्तीतील मुलांच्या मैदानातून, गटाराच्या जागेतून आणि आग विझविणाऱ्या बंबाच्या वाटेतून कापून काढलेले असतात. घेणारा गिरणीतला कामगार किंवा लहान पगाराचा कारकून असतो. त्यास भाव स्वस्त दिसतो, आणि त्या स्वस्ताईची खरी किंमत पहिल्या पावसाळ्यात कळते.

नागपुरात असे मंजुरीवाचून पाडलेले भूखंड-समूह इतके झाले की, त्यांची नावे मागे पडून केवळ संख्याच लोकांच्या तोंडी राहिल्या. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ असे नुसते म्हटले तरी तेथील माणसास अर्थ कळतो. महाराष्ट्र शासनाने २००१ साली गुंठेवारी विकास नियमित करण्याचा कायदा केला व त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतच्या अशा वस्त्या शुल्क भरून कायदेशीर करण्याची सोय झाली. पुढे २०२१ साली ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. राहत्या घरातून माणसास उठविता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याने आरंभीच नियम पाळून चौथा हिस्सा रस्त्यास सोडला तो या व्यवहारात मागाहून मूर्ख ठरतो, हाही विचार दृष्टीआड करता येत नाही. शिवाय कागदावर वस्ती नियमित झाली म्हणून बाराफुटी बोळ तीसफुटी होत नाही.

शहराची वाढ जेव्हा महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर गेली तेव्हा भोवतालच्या नऊ तालुक्यांतील सातशेंहून अधिक गावांसाठी, सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटर क्षेत्राची, नागपूर महानगर क्षेत्राची विकास योजना करण्यात आली. तिचा प्रारूप नकाशा २०१५ साली प्रसिद्ध झाला, हरकती व सूचना हजारोंनी आल्या, त्यांवर सुनावण्या झाल्या आणि २०१८ साली योजनेस शासनाची मंजुरी मिळाली. अशा योजनेतील वादाचा गाभा सर्वत्र एकच असतो. ज्याच्या शेतास हिरवा, शेतीचा रंग मिळतो तो म्हणतो, शेजाऱ्याच्या शेताचा भाव दसपट झाला आणि माझ्या जमिनीस तुम्ही जन्मभर नांगरच बांधून ठेवला. ज्यास पिवळा रंग मिळतो त्यास आनंद होतो खरा. पण त्याच्याच चार एकरांतून रस्त्याची रेघ गेली तर तोही अर्ज घेऊन उभा राहतो. तलावाच्या पाणलोटात घरे होऊ देऊ नका असे सांगणाऱ्यास मात्र स्वतःचे शेत नसते, म्हणून त्याचा आवाज सुनावणीच्या खोलीत नेहमी क्षीण असतो. या तिघांपैकी कोणासही स्वार्थी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. रंग बदलल्याने जमिनीचे मूल्य वाढते, ते धन्याच्या श्रमाने नव्हे तर सर्वांच्या पैशाने होणाऱ्या रस्ता-पाण्याने. त्या वाढीचा काही भाग सुधार-आकार म्हणून सार्वजनिक तिजोरीत घ्यावा, ही तरतूद सुधार प्रन्यासांच्या कायद्यांत प्रथमपासून आहे. वसूल करताना मात्र ती फारशी कोणास आवडत नाही.

आता रस्त्यांविषयी. रस्त्यांच्या इतिहासात नागपूरचे नाव कायमचे नोंदलेले आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद तेथे भरली व तिने वीस वर्षांची जी योजना आखली ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध झाली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशी जी वर्गवारी आपण आजही वापरतो ती या परिषदेची देणगी होय. लागवडीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्ट तिने समोर ठेवले होते. खेडे रस्त्यास जोडावयाचे, हा तिचा विचार. वाढत्या शहरातील रस्त्याचा प्रश्न याच्या जवळजवळ उलट असतो, कारण तेथे रस्ता वस्तीकडे जात नाही, तर वस्तीच रस्त्याकडे धावत येते. गावाबाहेरून गाड्या वेगाने जाव्यात म्हणून वळणरस्ता बांधावा, आणि दहा वर्षांत त्याच्या दोन्ही अंगांस दुकाने लागून तोच नवा बाजार व्हावा, हे दृश्य कोणत्या तालुक्याच्या गावी दिसत नाही? म्हणून जाणती समिती रस्त्याची रेघ व तिच्या कडेच्या जमिनीचा रंग यांचा विचार एकाच बैठकीत करते. जी समिती रस्ता आज मंजूर करून रंगाचा विषय पुढील वर्षावर ढकलते, तिच्या वतीने तो विषय दुकानदार आपापल्या परीने सोडवून टाकतात.

जुन्या गावठाणातून रुंद रस्ता काढावयाचा झाल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. या संबंधात पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताचे कार्य जाणून घेण्याजोगे आहे. मूळचा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक असलेला हा गृहस्थ १९१४ साली हिंदुस्थानात आला, अनेक शहरांच्या गल्लीबोळांतून पायी हिंडला आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. होळकरांच्या इंदूर शहरासाठी त्याने सिद्ध केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. नकाशावर पट्टी ठेवून घरांमधून सरळ रेघ ओढण्यास त्याचा सक्त विरोध होता. शहाणा शस्त्रवैद्य जसा सडलेला तेवढाच भाग कापतो, तसे पडकी घरे व ओसाड जागा तेवढ्या मोकळ्या कराव्यात, बोळ जेथे आवळतो तेथे तो थोडा सैल करावा, मध्ये चौक निघाल्यास झाड लावावे, असे त्याचे म्हणणे. यास खर्च कमी लागतो व बेघर होणारी कुटुंबेही थोडी असतात. इंदुरात प्लेगाची धास्ती होती, तेव्हा त्याने दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक काढविली आणि आधी दवंडी पिटविली की, मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ दिसतील त्यांतून जाईल. मग काय, घरोघर झाडलोट सुरू झाली व कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत सफाई कामगारांस मानाचे स्थान होते आणि प्लेगाच्या उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. दंडाच्या नोटिसांनी जे झाले नसते ते मिरवणुकीच्या वाटेने झाले. आजच्या नगररचनाकारांच्या टेबलावर नकाशे गेडिसच्या नकाशांहून कितीतरी अचूक असतात. पण त्याच्यासारखी पायपीट मात्र त्यांतले थोडेच करतात.

आपल्या राज्यापुरता कायदा म्हणजे १९७३ चा मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम. एखादे क्षेत्र निवेश क्षेत्र म्हणून घोषित झाले की, प्रथम तेथील विद्यमान भूमी-उपयोगाचा नकाशा करावा लागतो, म्हणजे आज कोणत्या जागी काय आहे याची नोंद. हा नकाशा प्रसिद्ध करून किमान तीस दिवस हरकती मागवावयाच्या असतात. नंतर विकास योजनेचे प्रारूप तयार होते. तेही प्रसिद्ध होते, त्यावरही तीस दिवसांची मुदत असते, आणि आलेल्या हरकतींचा विचार करणाऱ्या समितीत त्या क्षेत्रातील ग्रामपंचायतींच्या सरपंचांनाही स्थान आहे. बहुतेक लोक दुसऱ्या वेळी जागे होतात, तेही आपल्या शेतावरून रेघ गेल्याचे कोणी सांगितले तर. वस्तुतः पहिली संधी अधिक मोलाची आहे. तुमची विहीर, बोडी, पांदण किंवा जत्रेचे मैदान विद्यमान उपयोगाच्या नकाशात उतरलेच नाही, तर पुढील योजनेच्या दृष्टीने ती जागा रिकामी ठरते आणि रिकाम्या जागेवर रेघ ओढणे सर्वांत सोपे असते.

तेव्हा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी या सुटीत रामपायलीचा असा नकाशा करून पाहावा. पटवाऱ्याकडील खसऱ्याच्या नकाशाची नक्कल मूळ म्हणून घ्यावी. चार-चार जणांची टोळी करून एकेक मोहल्ला वाटून घ्यावा आणि घर, दुकान, विणकराचा माग, गोठा, पडीक जागा, मंदिराचा परिसर व नदीचा घाट निरनिराळ्या खुणांनी दाखवावा. प्रत्येक बोळाची रुंदी दोरीने मोजून फुटांत लिहावी. बैलगाडी कोठे वळते व कोठे अडते तेही नोंदवावे. गावातील वृद्धांस विचारून चंदनेचे पाणी मोठ्या पुरात कोठवर चढले होते त्या जागी निळी रेघ ओढावी. ही रेघ सरकारी नकाशात सहसा सापडत नाही. हे काम पावसाळ्यापूर्वी अर्धे व पावसाळ्यानंतर अर्धे करावे, म्हणजे उन्हाळ्यात कोरडी दिसलेली कोणती जागा श्रावणात पाण्याखाली असते ते त्याच कागदावर उतरेल.